घडीमोड

लग्नाच्या व्हिडिओत गुलाब फिरायला लागला की माझं डोकं फिरतं. नवरी हसली की पडद्यावर बदाम फुटतो, बदामातून नवरा निघतो, नवऱ्यावर पाकळ्या पडतात आणि त्या पाकळ्यांच्या आडून थेट जेवणावळ. जिलबी चावणाऱ्या कुणाच्या तरी मामाच्या उघड्या तोंडावर फिरता गुलाब! मी स्वतः साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दोन खोल्यांत हाच मिक्सिंगचा धंदा करते. गिऱ्हाइकाला हवेत म्हणून बदाम टाकते, आणि टाकताना दर वेळी उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायल्यासारखं वाटतं. माझं नाक जरा जास्तच वर असतं असं आमचे हे, अर्जुना, म्हणतात. असेल. मला किळस लवकर येते, लहानपणापासून येते, आणि त्याची मला लाज नाही.

त्यामुळे धाकट्या बहिणीचं, प्रांजलचं लग्न ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं की तिच्या फिल्मला एकही बदाम लागणार नाही. प्रांजल पाचगणीच्या एका निवासी शाळेत खेळाची शिक्षिका. नवरामुलगा धनाजी तासगावचा, त्याचं बेदाण्याचं शेड. दोघांनी एकमेकांना आपणहून पसंत केलं होतं. आमच्या वडिलांना जावई फौजेतलाच हवा होता, त्यांना राजी करता करता वर्ष गेलं. त्या वर्षात प्रांजल निम्मी झाली. लग्नाची तारीख निघाली त्या दिवशी ती फोनवर नुसती रडत होती, बोलतच नव्हती. हे लग्न नीट पार पडावं, एवढंच तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात होतं.

फिल्म म्हणजे तिचे लहानपणापासूनचे फोटो. अक्षता पडायच्या आधी कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे. एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जायचं कसं, याचाच प्रश्न होता. शालूकडे बघून मला ते सुचलं.

शालू माझ्याकडेच होता. सांगलीत बस्ता बांधला तेव्हा मुलाकडच्यांनी तो घेतला होता, डाळिंबी रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा. ब्लाऊज आणि फॉल-पिकोसाठी तो साताऱ्याला माझ्याकडे आला. आमच्या गल्लीतल्या हरणाबाईंनी दोन्ही कामं करून, इस्त्री करून, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत परत दिला. मला वाटलं, फोटोवर हा शालू पडावा, घडीघडीनं उलगडत पडदाभर व्हावा, आणि शेवटची घडी उघडली की आत पुढचा फोटो असावा.

आईला फोनवर विचारलं. आई आटपाडीकडे, गावी. ती म्हणाली, उघड, फोटू काढ, पर घडी मोडू नगंस. आमच्याकडे नव्या कपड्याची घडी मोडणं म्हणजे तो पहिल्यांदा अंगावर घालणं. लग्नाच्या शालूची घडी नवरीनंच मोडायची. उघडून बघण्यावर बंदी नाही, पिकोवालीही उघडतेच की. फक्त अंगावर घ्यायचा नाही. मी म्हटलं, मी कशाला नेसू? माझं वय आहे का डाळिंबी रंगाचं?

सकाळच्या उजेडात टेबलावर पांढरी चादर अंथरली, वर कॅमेरा बांधला आणि शालूची एकेक घडी उघडत फोटो घेतले. मग तशीच घडी घालून शालू पिशवीत, पिशवी कपाटात. खरं काम पुढे होतं. सॉफ्टवेअरला घडी कळत नाही, त्याला सपाट चौकोन कळतो. म्हणून चित्राच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीला तिच्या कडेवर बिजागरी द्यायची आणि दाराची फळी फिरवावी तशी ती फिरवायची. पट्टी उभी होऊन पलीकडे कलली की तिची उलटी बाजू दिसते. ती बाजू आपण द्यावी लागते, नाहीतर तिथे पुढच्या बाजूचंच चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. मी उलट्या बाजूला साधा सपाट डाळिंबी रंग दिला. घडीच्या रेषेवर थोडी सावली, पट्टी पडताना थोडा झोल. चांगलं जमलं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं जमलं.

हे असं तयार केलेलं ट्रान्झिशन, म्हणजे दोन फोटोंमधला दुवा, पुन्हा पुन्हा वापरायचं तर त्याला नाव देऊन ठेवावं लागतं. मी नाव दिलं, 'घडीमोड'. आईची अट टेबलावर पाळली होती, पडद्यावर मोडायला कुणाची हरकत? मला माझ्या विनोदाचं हसूही आलं. मग फोटोफोटोंच्या मध्ये ते टाकलं आणि चालवून बघायला लागले. आमच्या कामात एकदा बघून भागत नाही. वेग बदलायचा, बघायचं, सावली कमी करायची, परत बघायचं. दिवसभर माझ्यासमोर शालूची घडी मोडत होती.

पहिल्यांदा दिसला तो डाग. तिसऱ्या घडीच्या रेषेवर, ओलसर, जरा गडद. मला वाटलं सावली जास्त झाली. सावली काढली, डाग राहिला. मूळ फोटो उघडून बघितला, तो स्वच्छ. मग लक्षात आलं की पट्टी कलताना तिची उलटी बाजू सपाट राहत नाही. मधोमध फुगते, पोटावर निऱ्या फुगतात तशी. मी तिथे फुगवटा दिला नव्हता.

मी ते हळूहळू, एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं, आणि जे दिसलं ते मला इथे लिहितानाही घाण वाटतंय. उलट्या बाजूला डाळिंबी रंग नव्हता. कातडी होती. मोठं करून बघितलं तर छिद्रं दिसली, त्यांवर घाम. घडीच्या रेषेच्या जागी मांसाला पडते तशी वळी होती. तान्ह्या बाळाच्या मानेच्या वळीत दूध जाऊन आंबतं ना, तसं काहीतरी पांढरट त्या वळीत साचलं होतं. पट्टी पूर्ण पडली की सगळं नाहीसं व्हायचं आणि दोन वेण्या घातलेली प्रांजल तिसरीच्या वर्गात उभी.

मी घाबरले नाही. मी चिडले. माझ्या कामात कुणीतरी थुंकून गेल्यासारखं मला झालं. एकेक लेयर बंद करून बघितला, कुठेही दुसरं चित्र चुकून आलेलं नव्हतं. त्या कातडीवर माउस नेऊन सॉफ्टवेअरला रंग विचारला, तर ते सांगत होतं, डाळिंबी. जो मी दिला तोच.

दुपारी पहिली पाळी संपवून अर्जुना एमआयडीसीतून आले. चप्पल काढता काढता म्हणाले, कोण आलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, कुणीतरी बाईमाणूस लय वेळ बसून गेल्यावानी वास येतोय. तोवर मला वास आला नव्हता. त्यांनी म्हटल्यावर आला, आणि तो कपाटातून येत होता.

पिशवीला आतून वाफ धरली होती. शालू बाहेर काढला तर तो कोमट. इस्त्रीनंतरचा कोरा कोमट नव्हे, अंगावरून उतरवलेल्या कपड्याचा. कमरेच्या जागी घाम वाळून पांढरी रेघ पडली होती. शालूच्या आत प्रांजलच्या मापाचा ब्लाऊज होता, त्याच्या दोन्ही काखा पिवळ्या झालेल्या आणि शिवण उसवलेली, आत भलं मोठं अंग कोंबल्यासारखी. घडीत एक केस सापडला. लांब, राठ, तेलकट. आंबलेलं दूध आणि शिळं खोबरेल असा वास. मला उलटी आली. मोरीपर्यंत पोचले तेवढंच.

माझा संशय सरळ होता. हरणाबाईंनी किंवा त्यांच्या घरातल्या कुणीतरी शालू नेसून मिरवला. मी तरातरा त्यांच्या दुकानात गेले आणि चार बायकांदेखत नको ते बोलले. हरणाबाईंनी मशीन थांबवलं. आवाज चढवला नाही.

"वैनी, फोटूसाठी तुमी सोता टेबलावर उघाडला म्हनताय की त्यो. तवा कोरा हुता का न्हवता?"

कोरा होता. माझ्याच कॅमेऱ्यात सगळ्या घड्या होत्या, कोऱ्या. ब्लाऊजचासुद्धा फोटो होता. मी माफीही न मागता परत आले.

मला कुठल्याही गोष्टीची खात्री करून घ्यायची सवय आहे. रविवारी अर्जुना घरी होते. सकाळी शालू गच्चीवर उन्हात टाकला. वास गेला. ब्लाऊज उसवलेलाच होता, तो बाजूला ठेवला. शालूला मी स्वतः इस्त्री केली, घडी घातली, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. अर्जुना कपाटासमोर पेपर वाचत बसले. मी दुसऱ्या खोलीत जाऊन 'घडीमोड' एकदाच चालवलं. या वेळी पट्टी कलली तेव्हा एक कोपर दिसलं, जाड, काळवंडलेलं, आणि काखेत चिकटलेले केस. चेहरा नाही. चेहरा कधीच दिसला नाही, आणि माझी इच्छाही नव्हती.

मी येऊन कुलूप काढलं. शालू तिथेच होता, पण घडी माझी नव्हती. घाईत, कशीतरी, आतली बाजू बाहेर करून घातलेली. पदराचं टोक ओलं आणि चघळलेलं. अर्जुनांनी त्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"माया, आत्ता काढलाय ह्यो कुणीतरी अंगावरनं," ते म्हणाले.

मी 'घडीमोड' पुसून टाकलं. नुसतं ट्रान्झिशन नव्हे, ती अख्खी फाईल, टेबलावर काढलेले फोटो, सगळं. फिल्म नव्यानं केली. एक फोटो संपला की दुसरा, मध्ये काही नाही. गुलाब टाकावा लागला असता तरी टाकला असता, इतकी मी नरमले होते.

मग आई आली, लग्नाचे कपडे न्यायला. शालूची पिशवी पुढे ठेवली तर तिनं ती उघडली नाही. तोंड जवळ नेलं, वास घेतला आणि पिशवी खाली ठेवली.

"घडी कुणी मोडली?"

कुणीच नाही, मी म्हटलं. मग सांगितलं सगळं. आमची आई शाळेत गेलेली नाही, पण मोबाईलवर नातवंडांचे व्हिडिओ बघते. पडद्यावर घडी उघडायची आणि मिटायची म्हणजे काय, हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. किती वेळा, असं तिनं विचारलं. मी मोजलं नव्हतं. दिवसभर चाललं होतं ते.

आईनं पिशवी हातानं लांब सारली. मग हळूच म्हणाली, "शालूची घडी मोडती ती नवरी, माया. तू कुणाला नवरी करून बसलीस?"

मी तिच्यावर चिडले, कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं आणि मी ते दडपून टाकलं होतं.

पण आई हातपाय गाळणारी नाही. त्याच दुपारी आम्ही साताऱ्यातून तसाच दुसरा शालू घेतला, डाळिंबीच, आणि ब्लाऊजही नवा शिवायला टाकला. इस्त्रीनं पहिला जळाला असं धनाजीच्या घरी कळवलं. त्याची आई जरा कुरकुरली, मग म्हणाली, जळंना का, पोरगी तर तीच हाय. प्रांजलला मी खरं ते सांगितलं. ती हसली. आक्का, तुझं नाक एक दिवस आपल्या सगळ्यांना बुडवणार, म्हणाली. वर्षभरानंतर ती इतकी मोकळी हसत होती की मीही ते हसण्यावारी नेलं.

जुना शालू ब्लाऊजसकट आई गावी घेऊन गेली आणि तिनं तो माळावर नेऊन रॉकेल टाकून जाळला. मी सोबत होते. जळताना केस जळल्याचा वास आला. रेशीम जळालं की केसांसारखाच वास येतो, हे मला ठाऊक आहे, आणि मी तेच स्वतःला सांगत राहिले. आईनं राखेवर माती लोटली आणि आम्ही घरी येऊन अंघोळ केली.

लग्न तासगावच्या कार्यालयात, दुपारच्या मुहूर्तावर. कूलर घरघरत होते, बाहेर बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. नवरीच्या खोलीत नव्या शालूची घडी मी माझ्या डोळ्यांदेखत प्रांजलकडून मोडून घेतली. आधी नाक खुपसून वास घेतला. खळीचा, दुकानाचा, नव्या कपड्याचा. इतका चांगला वास मला आयुष्यात कधी आला नव्हता. निऱ्या मीच घातल्या. शालू तिच्या अंगाला असा बसला की आईनं तिची अलाबला घेतली.

फिल्म लागली. तिसरीतली प्रांजल आली, कबड्डीच्या टीममधली आली, पाचगणीची आली. मधे कुठलीही घडी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनाजी पहिल्या रांगेतून मान वर करून बघत होता आणि प्रत्येक फोटोला हसत होता. चांगला मुलगा. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं.

मग दोघं बोहल्यावर उभी राहिली. मध्ये अंतरपाट. मी करवली म्हणून प्रांजलच्या मागे, हातात कलश घेऊन. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या. कूलर आमच्याच दिशेला होता, तरी मला पुढून ऊब लागत होती. प्रांजलच्या आणि माझ्या मध्ये जेमतेम हातभर जागा होती. घामेजली असेल पोरगी, असं मला वाटलं. तिची मान कोरडी होती.

शेवटचं मंगलाष्टक झालं. वाजंत्री सुरू झाली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो बाजूला ओढला.

धनाजी माझ्या अगदी समोर आला. त्यानं डोळे वर केले.

तो प्रांजलकडे बघत नव्हता. माझ्याकडेही नव्हता. आमच्या दोघींच्या मध्ये, प्रांजलच्या डोक्याच्या वीतभर वर बघत होता. आणि हसत होता, जसा व्हिडिओ कॉलवर तिच्याकडे बघून हसायचा तसा.

त्यानं हार उचलला, बराच वर.

"दाजी, खाली घ्या की, खाली," फोटोग्राफर म्हणाला. लोक हसले. नवरा गोंधळला, असं कुणीतरी म्हणालं.

प्रांजलनं मान वळवली नाही.

"आक्का," ती म्हणाली, "हे कुणाकडं बघत्यात?"

श्वास घेतला असता तर वास आला असता, म्हणून मी श्वास धरून उभी होते.

धनाजीचे हात खाली आले. सावकाश, आणि रुंद फाकलेले, एखाद्या जाड मानेभोवती हार न्यावा तसे. तिथे ते क्षणभर थांबले. मग हार सुटून प्रांजलच्या गळ्यात पडला आणि कार्यालयभर टाळ्या वाजल्या.

तो अजूनही वरच बघत होता, तसाच हसत. हसता हसता त्यानं हाताची बोटं शेरवानीला पुसली.